बंद व्हिसाचा नवरदेव

मंडईच्या दिवशी सिहोऱ्यात कोण कोणाला कुठे भेटेल याचा नेम नसतो. माझा मात्र नेम पक्का होता. मला एका मुलाला गाठायचं होतं, तेही तो आमच्या घरी पोहोचायच्या आधी.

दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगावी मंडई भरते. पाहुणे येतात, आकाशझुला फिरतो, जिलेबीच्या कढया चढतात, आणि या सगळ्या गर्दीच्या आडून आयाबाया सोयरिकी जुळवतात. यंदा पाळी माझी होती. माझी आत्या शकुनबाई, तिनं लाखनीचं स्थळ आणलं होतं. मुलाचं नाव भुपेंद्र. अमेरिकेत एम.एस. करतो, वडिलांच्या ऑपरेशनसाठी आला आहे, जानेवारीत परत जाणार आणि जाताना बायको घेऊन जाणार. आत्याच्या मोबाईलवरच्या फोटोत तो गुडघाभर बर्फात लाल जाकीट घालून उभा होता.

बाबांना मुलापेक्षा तो बर्फच जास्त आवडला. "पोरीचा पाय चिखलातून निघते एकदाचा," ते म्हणाले.

आणि मला तर चिखलातून निघायचंच नव्हतं. शेतीची पदविका घेतल्यावर मी गावातल्या बायकांचा गट केला, धान रोवायचं मशीन आणलं, आणि दोन हंगाम ते मीच चालवलं. आजूबाजूच्या गावांतून मला बोलावणी येतात. ते सोडून मी बर्फात काय रोवणार होते? पण मी तोंडानं 'नाही' म्हटलं असतं तर आत्या वर्षभर रुसली असती, आणि आईनं पदर डोळ्यांना लावला असता. म्हणून बेत असा केला की त्या मुलालाच गाठायचं आणि सांगायचं, बाबा रे, नकार तू दे. साप मरेल आणि काठीही मोडणार नाही.

तो मला सापडला उकडलेल्या शिंगाड्यांच्या दुकानामागे. लाल जाकीट नव्हतं, साधा निळा शर्ट, केसांवर मंडईची धूळ. काळी बोटं करून शिंगाडे सोलत होता आणि कोणापासून तरी लपल्यासारखा उभा होता. फोटोपेक्षा बरा दिसत होता. मी तोंड उघडणार, तोच त्यानंच विचारलं.

"तुमी इथल्याच का? देवाजींचं घर कोणत्या बाजूले हाये?"

देवाजी म्हणजे माझे बाबा. "काहून?" मी म्हटलं.

"तिथं एक मुलगी हाये."

"असन. गावात मुली असतातच."

तो हसला. हसताना त्याचा एक दात दुसऱ्याच्या किंचित पुढे येत होता... हे मी कशाला पाहत होते, देव जाणे.

"तिले एकटीले गाठायचं होतं," तो म्हणाला. "आमचे लोक तिथं बसायच्या आधी. तिनं मले नकार द्यावा म्हणून."

घ्या! माझाच बेत, आणि हा पठ्ठ्या माझ्या आधी बोलून मोकळा झाला. खरं तर मला आनंद व्हायला हवा होता. झाला तो राग.

"मुलगी वाईट हाये का?"

"मी कुठं पाहिली? आईच्या मोबाईलवर फोटो आला होता. मी उघडलाच नाही."

"काहून?"

"आवडली असती तं..." त्यानं शिंगाड्याचं साल खाली टाकलं. "मंग मी खोटं बोलत राहिलो असतो."

अशा वाक्यानंतर कोणी तिथून हलतं का? मीही दोन शिंगाडे घेतले आणि त्याच्या शेजारी उभी राहिले. "काय खोटं?" मी विचारलं. अनोळखी माणसाला सांगणं सोपं जात असावं, कारण तो सांगू लागला.

"होळीच्या आधी बाबूजींना झटका आला. नागपूरले नेलं, ऑपरेशन ठरलं. मी तिकडं अर्ध्या सेमिस्टरमध्ये. मले वाटलं, आपल्या इकडच्या कॉलेजात कसं असते, या साली नाव काढलं, पुढच्या साली टाकलं. तसंच असन. मोबाईलवर युनिव्हर्सिटीचं पान उघडलं, 'विड्रॉ' दाबलं, अन् विमानात बसलो."

"मंग?"

"मंग काय! तिकडं शिकायचा व्हिसा कॉलेजच्या खुंटीले टांगलेला असते. खुंटी काढली का तोही खाली. आधी तिथल्या इंटरनॅशनल ऑफिसात जाऊन सांगायचं असते. त्यांची परवानगी घेऊन निघालो असतो, तं पाच महिन्यांच्या आत तिकडच्या सरकारातल्या माझ्या त्याच विद्यार्थी-रेकॉर्डवर परत जाता आलं असतं. मी कोणाले विचारलंच नाही. इथं पोचलो अन् मेल आली, रेकॉर्ड बंद. आता नवीन ॲडमिशन, नवीन कागद, अन् बहुतेक नवीन मुलाखत."

"पण पासपोर्टवर शिक्का तं—" मी जीभ चावली. आत्यानं मला त्या शिक्क्याचं कौतुक दहा वेळा ऐकवलं होतं.

त्याचं लक्ष नव्हतं. "शिक्का तसाच हाये. त्याची तारीखही अजून चार वर्षं हाये. तेच तं वांधे झाले. बाबूजी सकाळपासून मंडईत तो पासपोर्ट सगळ्यायले दाखवून राहिले."

"मंग त्यायले सांगत काहून नाही?"

"सांगितलं तं म्हणतील, माह्यापायी पोराचं गेलं. छातीवर टाके पडलेल्या माणसाले हे कसं सांगू?" त्यानं सोललेला शिंगाडा न खाता तसाच हातात धरला होता. "पण मुलीकडच्यायले फसवता येत नाही. आज सांगतो. त्याआधी मुलीनंच नकार दिला तं सांगायची पाळी येणार नाही अन् बाबूजींना बोचणार नाही, येवढंच."

म्हणजे मला हवा होता तो नकार आता माझ्या खिशात होता. बाबांच्या कानावर एवढं घातलं की सोयरीक जागच्या जागी मोडणार. मला कोणी बोल लावणार नाही. आणि तरी मला ते अजिबात आवडलं नाही.

"परत जायचं हाये तुमाले?" मी विचारलं.

"हो. शेतीच्या मशिनींचंच शिकत होतो. आवडत होतं मले." मग त्यानं विचारलं, "तुमी काय करता?"

"धान रोवायचं मशीन चालवते."

लोक यावर दोनच गोष्टी विचारतात, केवढ्याचं घेतलं आणि मुलीला जमतं का. हा म्हणाला, "रोपं खोल जातात का हो आपल्या मातीत? चिखल नरम असला तं बुडत असतील."

बुडतात. पहिल्या हंगामात एका बांधीतली, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या तुकड्यातली, अर्धी रोपं बुडाली होती माझी. चिखल केल्यावर एक दिवस माती बसू द्यावी लागते, हे मी त्याला सांगितलं, आणि तो इतकं मन लावून ऐकत होता की मी विनाकारण आणखी बरंच सांगितलं.

"चला," मी शेवटी म्हटलं, "घर दाखवते."

वाटेत उसाची मोळी घेतलेला माणूस आडवा आला. भुपेंद्रनं मला दंडाला धरून बाजूला घेतलं आणि लगेच हात सोडला. इतक्या लगेच सोडायची काही गरज नव्हती.

अंगणात पाय ठेवला आणि आई, निर्मलाबाई, दारातूनच ओरडली, "रुचिका, कुठं होतीस वो? पाहुणे बसले. साडी बदल लवकर."

तो जागीच उभा. कानापर्यंत लाल झाला होता. "तुमी...?"

"नकार पायजे होता ना तुमाले?" मी हळूच म्हटलं. "विचार करून सांगते."

साडी नेसून पोह्यांच्या बश्या घेऊन मी बाहेर आले, तेव्हा पासपोर्ट प्रसादासारखा हातोहात फिरत होता. भुपेंद्रचे वडील गोमाजी, अंगावर शाल, चेहरा उतरलेला, पण डोळ्यांत नुसता अभिमान. "पाहा देवाजी, चार साल हाये अजून."

बाबांनी चष्मा लावून तो शिक्का वाचल्यासारखा केला. वाचता काही येत नव्हतं, पण मान मात्र समाधानानं हलत होती.

भुपेंद्र उभा राहिला. "बाबूजी, तो शिक्का नुसता दिसते. व्हिसा बंद झाला हाये."

मग त्यानं मला सांगितलं होतं तेच सगळ्यांना सांगितलं. गोमाजींचा हात शालीवर तसाच राहिला. ते म्हणाले, "माह्यापायी?"

"तुमच्यापायी नाही. मी आलो ते बरोबरच होतं. कोणाले न विचारता घाईनं निघालो, ते चुकलं. ते माझं हाये, बाबूजी, तुमचं नाही."

बाबांनी पासपोर्ट मिटला आणि गोमाजींच्या गुडघ्यावर अलगद ठेवला. "बरं मंग. पाहू पुढच्या मंडईले."

आमच्याकडे 'पुढच्या मंडईला पाहू' म्हणजे नाहीच. कालपर्यंत हे वाक्य ऐकायला मी जीव टाकला असता. आता मात्र असं वाटलं, की हा मुलगा या दारातून गेला तर मी जन्मभर स्वतःला माफ करणार नाही. त्याची माझी ओळख दोन शिंगाड्यांची, पण तो मला आवडला होता. हे कबूल करायला मला लाज वाटली नाही.

"बाबा," मी बशी खाली ठेवली, "मले हा मुलगा पसंत हाये."

आत्याच्या घशात पोहे अडकले. "अवो बाई, काल तं तोंड फुगवून बसली होतीस."

"काल व्हिसा चालू होता, आत्या."

बाबा माझ्याकडे पाहतच राहिले. "पोरी, तुले चिखलातून काढावं म्हणून मी एवढं करून राहिलो..."

"चिखलात वाकून कंबर मोडली ती आईची. मी मशीनवर बसते. यंदा आपल्या बांध्या कोणी रोवल्या, सांगा बरं?" मग मी बोलतच गेले, थांबले असते तर पुन्हा बोलता आलं नसतं. "यानं काही न बोलता लगीन लावलं असतं, तं जानेवारीत काय झालं असतं? भर बैठकीत, बापासमोर खरं बोलला. शिक्का बंद हाये, मुलगा तं चांगला हाये ना?"

गोमाजींनी शालीच्या टोकानं डोळे पुसले आणि मुलाकडे वळले. "पोरगी येवढं बोलली. तू काहून मुका झाला गा?"

"मले तं शिंगाड्याच्या दुकानामागेच पसंत होती," भुपेंद्र म्हणाला. "फक्त हीच ती, हे माहीत नव्हतं."

आत्या खो खो हसली. बाबा शेवटी आईला म्हणाले, "निर्मला, पोहे काय नुसतेच देतेस पाहुण्यायले? गोड कर काही."

तो आमच्या घरचा होकार होता.

आत शिऱ्याचा वास सुटला तेव्हा आम्ही दोघं मागच्या गोठ्यात मशीनपाशी उभे होतो. तो वाकून रोपं धरणारे चिमटे पाहत होता. आम्हाला एकांत म्हणून पाठवलं होतं, आणि हा चिमटे पाहत होता.

"पुन्हा अर्ज करीन," तो मान वर न करता म्हणाला. "मिळालं तं जाईन. दोन वर्षं लागतील... थांबशील?"

'तुमी'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही.

"थांबणार नाही," मी म्हटलं. त्यानं दचकून वर पाहिलं. "काम करत राहीन. तू आलास का गावात कोणालेही विचार, मी कोणत्या बांधीत हाये ते सांगतील."

"अन् व्हिसा नाहीच मिळाला तं?"

"तं मशीनपाशी रोपं वाहून द्यायले मले माणूस लागतेच."

तो मोठ्यानं हसला. मग जवळ आला आणि हसणं विरलं. माझा हात त्यानं हातात घेतला, या वेळी सोडला नाही.

"अन् तिकडं गेल्यावर घरची ओढ लागली, सगळं सोडून यावंसं वाटलं तं?" मी विचारलं. आवाज जरा हळवा झाला होता माझा, इलाज नव्हता.

"आधी ऑफिसात विचारीन. मंग तुले. मंगच काय ते."

"बरं."

"रुचिका," तो म्हणाला, "मले तू लय आवडली. हे मात्र कोणाले न विचारता सांगून राहिलो."

"हे चालते," मी म्हटलं.