गाडी कुणाकडे ओढते

पटत नसेल तर इथेच थांबा, मला वाईट वाटणार नाही. पण माझी मावशी थापा मारणारी बाई नाही. तिला साधी थट्टा जमत नाही, ती भुताच्या गोष्टी कुठून रचणार?

आणि हे रात्री-अपरात्री घडलेलं नाही. भर दुपारी घडलं, लख्ख उन्हात, गोदामांच्या मागच्या रस्त्यावर.

तिथे मावशी आणि काकांची पत्र्याची शेड आहे. काका टायर बघतात, मावशी अलाइनमेंट. चाकं सरळ रेषेत बसवणं हे तिचं काम, आणि त्यात तिचा हात धरणारं कुणी नाही.

त्या दिवशी सकाळीच दोघांचं वाजलं होतं. काकांनी एका गाडीच्या चाकाचे नट सैल ठेवले, आणि गिऱ्हाईक तणतणत परत आलं तेव्हा बायकोकडे बोट दाखवून मोकळे झाले. तेही चारचौघांत. मावशीचं डोकं असं फिरलं की विचारू नका. 'हा माणूस डोळ्यांसमोर नको' असं तिच्या मनात आलं होतं, हे तिने मला स्वतः सांगितलं.

अशात ती राखाडी गाडी आली...

चालवणारा माणूस खाली उतरला.

"गाडी ओढते," तो म्हणाला.

"कुठल्या बाजूला?"

"ते तुम्हीच बघा."

"अहो, डावीकडे की उजवीकडे, एवढं तरी सांगाल?"

त्याने आधी काकांकडे बघितलं, मग मावशीकडे.

"तुम्ही नवरा-बायको का?"

"त्याचा गाडीशी काय संबंध?" मावशी फणकारली.

"नाही... सहज."

त्याने किल्ली तिच्या हातात कोंबली आणि चालता झाला. एकदाही मागे वळून बघितलं नाही.

मावशीने रीतसर सुरुवात केली. हवा तपासली, बरोबर होती. एखादा ब्रेक धरून तर राहत नाही ना, म्हणून चाकं हाताने फिरवून बघितली. मोकळी फिरत होती. टायरचा दोष असला तर टायर बदलल्यावर ओढही बाजू बदलते, म्हणून पुढचे दोन टायर आपसात बदलायचे असतात. ते काम काकांचं. पण त्यांना सांगायला जिभेला कोण त्रास देणार? तिने स्वतःच बदलले. मग गाडी मशीनवर घेतली. सगळं जागच्या जागी.

आता राहिलं चालवून बघणं.

त्याची रीत सोपी आहे. सरळ, सपाट रस्त्यावर गाडी हळू सोडायची आणि स्टिअरिंगवरचे हात उचलायचे. मग गाडी आपणच सांगते तिचं कुठे दुखतंय ते.

गोदामांमागचा रस्ता त्यासाठी एकदम बरा. एका बाजूला शेड, दुसऱ्या बाजूला कंपाउंडची उंच भिंत. वर्दळ नाही. काका शेडच्या दारात खोक्यावर बसले होते, तोंड फिरवून.

मावशीने जाताना हात उचलले. शेड जवळ आली तशी गाडी डावीकडे गेली.

टोकाला वळून ती परत निघाली. आता गाडी उजवीकडे गेली.

म्हणजे दोन्ही वेळा शेडच्याच बाजूला. मावशीने तिथल्या तिथे निदान करून टाकलं. दोष गाडीत नाही, रस्त्यालाच तिकडे उतार आहे. अलाइनमेंटवाला कुणीही हेच म्हणाला असता.

तिथेच ती फसली. कारण बाकीच्या सगळ्या गाड्या रोज त्याच रस्त्यावर नाकासमोर चालत होत्या, आणि हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं?

खात्री करायला म्हणून तिने पुन्हा गाडी वळवली.

तेवढ्यात शेडच्या दारात ऊन आलं. काका उठले, खोकं उचलून रस्ता ओलांडला आणि समोर भिंतीच्या सावलीत जाऊन बसले.

मावशीने हात उचलले...

गाडीत एकदम शांत झालं. इंजिन चालू होतं, पण आवाज येईना. टायरखालची खडी वाजेना.

मग स्टिअरिंग फिरलं.

शेडकडे नाही... भिंतीकडे.

हळूच. कुणीतरी सवयीच्या हाताने फिरवावं तसं.

आणि गाडीने वेग घेतला. मावशीचा पाय ॲक्सिलरेटरवर नव्हताच, नुसता खाली टेकलेला होता.

"अहो, उठा... बाजूला व्हा," ती ओरडली. स्वतःचा आवाजही तिला ऐकू आला नाही.

काका उठले, पण मागे भिंत होती.

तिने स्टिअरिंग धरलं. ते हलेना. जाम झालेलं स्टिअरिंग तिला हाताला कळतं. हे जाम नव्हतं... हे कुणीतरी धरून ठेवलं होतं. ती जितकी ओढायची, तितकंच ते उलट ओढायचं.

तिने ब्रेकवर सगळं वजन टाकलं. दोन्ही हातांनी हँडब्रेक खेचला.

गाडी थांबली तेव्हा बंपरने काकांचा गुडघा भिंतीला दाबला होता.

मग सगळे आवाज एकदम परत आले.

मावशी धडपडत खाली उतरली. "माझे हात वर होते. शप्पथ घेऊन सांगते, माझे हात वर होते."

काका पांढरेफटक पडले होते. ते तिच्याकडे बघत होते... पण तिच्या तोंडाकडे नाही. जरा बाजूला.

"दिसलं मला," एवढंच ते म्हणाले.

मावशीला वाटलं, झालं. सकाळचा राग आपण असा काढला असंच यांना वाटतंय. जे घडलं त्याहून तिला तेच जास्त लागलं.

संध्याकाळी तो माणूस आला. लंगडणाऱ्या काकांकडे त्याने एक नजर टाकली आणि गाडीत काय दोष निघाला हे विचारलंसुद्धा नाही.

"घेऊन जा ही गाडी. पुन्हा इकडे आणू नका," मावशी म्हणाली.

"नाही आणणार. आता गरज नाही."

तो निघाला तेव्हा काका खोकं आणायला भिंतीपाशी गेले होते. त्यांच्या जवळून जाताना त्याने दोन्ही हात वर केले. मुद्दाम, मावशीला दिसतील असे.

गाडी सरळ गेली. तसूभरही इकडे-तिकडे नाही.

त्यानंतर त्यांच्या घरात भांडण झालं नाही. काका बोलायचेच नाहीत. ती स्वयंपाकघरात आली की ते बाहेर जायचे. ती शेजारी बसली की उठायचे. मावशीने पुष्कळ दिवस सहन केलं. मग एकदा जेवताना तिने ताट बाजूला सारलं.

"मी तुम्हाला मारायला निघाले होते, असंच वाटतं ना तुम्हाला? बोला एकदाचं."

"नाही गं," काका म्हणाले. "तुझे हात वर होते. काचेतून स्वच्छ दिसत होते मला."

मावशीला रडूच फुटलं. एवढंच तर तिला ऐकायचं होतं.

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

काका ताटाकडे बघत राहिले.

"कारण स्टिअरिंगवर आणखी दोन हात होते... तुझ्या मागून आलेले."

मावशीने मागे वळून बघितलं.

"आणि तू गाडीतून उतरलीस तेव्हा ते तुझ्या खांद्यांवर होते."

"आणि आता?"

काकांनी आपली खुर्ची मागे सरकवली.

मावशी आता कुठलीच गाडी चालवत नाही. दोघं वेगळ्या खोल्यांत झोपतात. आतून कडी लावा आणि मी कितीही हाका मारल्या तरी उघडू नका, हे तिनेच काकांना बजावून ठेवलंय.

परवा तिचा मला फोन आला होता. ती झोपते तेव्हा आपल्या खोलीत, आपल्या पलंगावर असते. तेवढं तिला नीट आठवतं. पण जाग येते तेव्हा ती काकांच्या दाराशी उभी असते... दोन्ही हात दाराला लावून, सगळ्या अंगाचा जोर देऊन.

आतली कडी जुनी आहे, ये आणि जाडजूड कडी बसवून जा, एवढंच ती मला म्हणाली. कडी मी त्याच दिवशी विकत आणली. तिकडे जायचा धीर मात्र अजून झालेला नाही.