सहा बोटं पाणी

आठ बोटं

आलापल्लीहून सागाच्या फळ्या आल्या आणि पत्रू सुताराने आठ दिवसांत हौद उभा केला. गोल, कमरेइतका उंच, दोन लोखंडी पट्ट्यांत आवळलेला. आतून तांब्याचा एक खिळा ठोकून घेतला. पाणी त्या खिळ्यापर्यंत भरायचं आणि माणसाने गळ्यापर्यंत बसायचं.

"साहेब, याच्यात मानूस शिजवाचा हाये का?" पत्रूने विचारलं.

जपानात घरोघरी असंच न्हातात, हे मी त्याला सांगितलं. साल १९५४. जपानी पद्धतीची भातशेती शिकायला सरकारने मला आठ महिने तिकडे पाठवलं होतं. परत आल्यावर आरमोरीजवळचं एक शेत माझ्या हवाली झालं. दिवसा मी बायांकडून दोर लावून सरळ ओळीत भाताच्या रोपांची रोवणी करून घ्यायचो. ओळ वाकडी गेली की उपटून पुन्हा. माझ्या बायकोची, धुरपताची, ओळ नेहमी वाकडी जायची. साऱ्या बायांसमोर मी तिला ती तीनदा उपटायला लावली. संध्याकाळी घरी तीच शिस्त. आधी बाहेर अंग घासून धुवायचं, मग गरम पाण्यात उतरायचं. पहिल्यांदा पुरुष, मग त्याच पाण्यात बाई.

मी बसलो की पाणी खिळ्याच्या वर आठ बोटं चढायचं. तिथे सुताराच्या पेन्सिलीने मी रेघ ओढली.

सहा बोटं

ही धुरपताची रेघ. माझ्यानंतर पाणी पुन्हा खिळ्यापर्यंत भरून घ्यायचो, म्हणजे माप चुकत नाही.

ती काळी. लग्न वडिलांनी ठरवलं, मला विचारलं नाही. जपानात मी ज्या घरी राहिलो तिथली म्हातारी तांदळाच्या कोंड्याची पुरचुंडी गरम पाण्यात भिजवून रोज तोंडावर, हातापायांवर फिरवायची. सत्तरीची बाई, कातडी तांदळासारखी. कार्तिकात कापणी पाहायला एक जपानी तज्ज्ञ येणार होते. शेतावरून घरी चहाला. हातात चार महिने होते.

"कोंडा ढोराले चारतेत जी," धुरपता हसली. "मले काऊन?"

"घास."

तिने धोतराच्या तुकड्याची पुरचुंडी शिवली, कोंडा भरला आणि दुहेरी गाठ मारली.

पाच बोटं

श्रावणात पुरचुंडीतून निघणारा कोंडा काळा दिसू लागला. पाणी तापवायला येणाऱ्या सुगंधाबाईने तो कोंबड्यांना टाकला. कोंबड्या लांब उभ्या राहिल्या.

"बाई उजळल्या, साहेब," ती म्हणाली. खुशीने म्हणाली नाही.

धुरपता वाळत असेल म्हणून मी तिला धानाच्या काट्यावर बसवलं. एक मण चौदा शेर. आषाढातही तेवढीच होती. खिळा हललेला नव्हता. हौद गळत नव्हता.

वजन तेच. पाणी मात्र एक बोट कमी.

साडेतीन

पाठीला तिचा हात पोचत नव्हता, म्हणून पाठ मी घासू लागलो. ती हौदाचा काठ धरून बसायची.

"पुरे जी. आंग जळून राह्यलं."

"अजून."

शंभरपर्यंत मोजायचो. रक्त येतं का ते पाहायचो. आलं नाही. कातडीखाली तांबडं काही नव्हतंच, नुसतं आणखी पांढरं.

एकदा सुगंधाबाई न्हाणीच्या दाराशी येऊन उभी राहिली. "साहेब, बाई चुलीपाशी बसली होती. मी तिच्यावर पायच देत होती. दिसलीच नाई मले."

"डोळे दाखव जाऊन चांद्याच्या दवाखान्यात."

"माहे डोये साबूत हायेत," ती म्हणाली.

एक

तज्ज्ञ आले. शेतातल्या सरळ ओळी पाहून त्यांनी मान डोलावली. घरी हौदावर बोटाने टकटक केलं, पत्रूचे सांधे वाखाणले. मी धुरपताला हाक मारली.

ती चहाचा ट्रे घेऊन आली. तांदळासारखी. खरं सांगतो, मला समाधान वाटलं.

पाहुण्यांनी ट्रेमधला कप उचलला, दाराकडे पाहिलं आणि इंग्रजीत विचारलं, "तुमच्या पत्नी घरी नाहीत का?"

धुरपताने माझ्याकडे पाहिलं. ट्रे तिच्या हातात होता.

"माहेरी गेलीय," मी म्हणालो.

शून्य

त्या संध्याकाळी ती न सांगता न्हाणीत गेली. आतून कडी लावली. मी दाराशी उभा होतो. घासण्याचा आवाज येत होता.

"अजून," ती आत म्हणत होती. "अजून."

मग आवाज थांबला.

पत्रूला बोलावून दार काढलं. लुगडं खुंटीवर घडी करून ठेवलं होतं. पुरचुंडी पाण्यावर तरंगत होती. पाणी बरोबर खिळ्याला लागलं होतं.

न्हाणीला दुसरं दार नाही. खिडकी नाही.

"कुठी गेली बाई?" सुगंधाबाईने विचारलं.

"माहेरी," मी म्हणालो.

ती माझ्या पायांशी थुंकली. पुन्हा कामावर आली नाही.

सहा

पाणी आता मीच भरतो. खिळ्यापर्यंत अकरा बादल्या लागतात, कधी कमीजास्त नाही.

पाचव्या दिवशी अकरा बादल्या ओतल्या आणि वाकून पाहिलं. पाणी खिळ्याच्या वर सहा बोटं होतं.

हात घालून तळ चाचपला. नुसतं पाणी.

मी उतरलो. पाणी काठावरून सांडलं.

सात

त्यानंतर मी हौदात उतरलो नाही.

तरी सकाळी पाठ जळजळते.

कोंडा मी आणत नाही. तरी संध्याकाळी काठावर भरलेली पुरचुंडी असते. दुहेरी गाठ.

आज काट्यावर बसलो. वजन तेच.

मग हौदात डोकावलो. माझ्या रेघेच्या एक बोट खाली दुसरी रेघ ओढलेली आहे. पेन्सिल माझ्या खिशात आहे.

रेघ सरळ आहे. दोर लावल्यासारखी.