हरणीची शीर

खोटं सांगून मला काय मिळणार? २००३ सालच्या चैत्रातली संध्याकाळ. घोडेगावजवळचं जनावरांच्या डॉक्टरांचं शेड. मी स्वतः तिथं होते.

डॉक्टर पायाच्या शिरेवर, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या जाड दोरीवर, संशोधन करायचे. शेळ्यांच्या शिरेला मुद्दाम इजा करायची, औषध द्यायचं आणि ती कशी भरते ते सोनोग्राफीवर बघायचं. केस भादरून जेल लावायचं काम माझं. काम झालं की त्या मुक्या जिवांना मी हातानं चारा भरवायचे.

माझे चुलते गेणभाऊ, आमचे तात्या. त्यांना मूलबाळ नव्हतं. होती ती हरणी, बैलगाड्याच्या शर्यतीत बैलांपुढं पळणारी घोडी. तिची शीर फाटली, तेव्हा तात्यांनी तिला इथंच आणलं.

तिचा पाय तपासला की स्क्रीनवर शिरेच्या पांढऱ्या रेघांमध्ये एक काळं भोक दिसायचं, तीच ती फाट.

"भरलं का गं, रत्ना?" तात्या रोज विचारायचे.

"थोडं ऱ्हायलंय, तात्या."

हरणी चालायची... टप... टप... टप...

चौथा पाय टेकायचाच नाही.

मग यात्रा आली.

"शर्यतीच्या घाटात नुसता भंडारा लावून आनतो," तात्या म्हणाले. "पळवनार न्हाई."

त्यांनी नाहीच पळवली. पण भोंग्यावर आरोळी झाली, बैल सुटले... आणि हरणीनं दावं हिसकलं. जन्माची सवय ती! बैलांपुढं एकटीच सुटली. निशाणापाशी पाय मोडून कोसळली.

शेवटचं इंजेक्शन देताना तिचं डोकं तात्यांच्या मांडीवर होतं.

त्यानंतरची ही संध्याकाळ. तात्या मोकळं दावं घेऊन शेडात बसले होते. डॉक्टर एका शेळीचा पाय तपासत होते.

लाईट गेली. पंखा थांबला.

स्क्रीन मात्र चालूच...

डॉक्टरांनी शेळीच्या पायावर फिरवायचा प्रोब उचलून हवेत धरला. तरीही शीर दिसतच होती. जाडजूड. शेळीची एवढी नसते.

मधोमध ते काळं भोक... आमच्या डोळ्यांदेखत पांढरं होत गेलं.

शेळ्या एकदम दाराकडे वळल्या.

बाहेर... टप... टप... टप...

टप.

"भरलं गं, रत्ना!" तात्या ढसाढसा रडायला लागले. दावं हातातून गळून पडलं. "पळ माझे बाय. आता कुनी न्हाई आडवत."

दारात कोणीच नव्हतं.

डॉक्टरांनी ते काम सोडलं. तात्याही आता नाहीत.

मी अजून दुसऱ्या डॉक्टरांकडं हेच सोनोग्राफीचं काम करते. पण प्रोब उचलला की स्क्रीनकडे बघत नाही. चुकून नजर गेली, आणि ते भोक पुन्हा दिसलं तर...

तात्यांना काय सांगू?