अकरावी बंदूक

जनीन वॉर्डलोला तिच्याच स्वयंपाकघरात गोळी लागली, तेव्हा त्या घरात एकही बंदूक असायला नको होती. नवरा तिच्या जिवावर उठेल, अशा अर्जावरून घरातल्या सगळ्या बंदुका काढून घ्यायचा कोर्टाचा हुकूमच होता, एकोणीस दिवसांपूर्वीचा.

जनीन जागीच गेली. गोळी झाडणारा नवरा क्लिंट पायरीवर बसलेला सापडला, त्यात कसलं आलंय रहस्य? प्रश्न बंदुकीचा होता. ती आली कुठून?

सरकारी वकिलांच्या कचेरीची तपासनीस लोरेना बाका बुधवारी सकाळी सीडर फोर्कच्या शेरिफ ठाण्यात पोचली, तर तिथे उत्तर तयार होतं. जनीनचा भाऊ वेस यानेच मेव्हण्याला रायफल पुरवली म्हणे! वेस कोठडीत होता. जनीनची चौदा वर्षांची मुलगी टेस तिच्या शाळेतल्या जीवशास्त्राच्या बाईंकडे, ग्वेन ऑस्टरहाउटकडे, तात्पुरती राहिली होती. शुक्रवारपर्यंत मामा सुटला नाही, तर तिला दुसऱ्या जिल्ह्यात परक्यांच्या घरी धाडणार होते.

लोरेनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आई गेली, आता मामाही?

"हुकूम मीच बजावला," डेप्युटी डग केटरिंगने पावती पुढे सरकवली. "दहा बंदुका उचलल्या. ही क्लिंटची सही."

"अर्जात अकरा आहेत."

"अर्ज केला कोणी? बेडूक कापायला शिकवणाऱ्या बाईने! आधी घरच्यांनी नाहीतर पोलिसांनीच करायचा. आता कायदा वाढवलाय ना, मास्तर काय, डॉक्टर काय. उद्या पोस्टमन करेल. तिला काय कळतंय कुणाच्या घरात किती बंदुका ते?"

"अकरावी म्हणजे क्लिंटच्या वडिलांची रायफल. तिच्याच गोळीने जनीन मेली."

"ती वेसकडे होती, असं क्लिंट म्हणाला होता."

"हुकूम कधी बजावलास?"

"तेवीस ऑक्टोबर, गुरुवार."

"आणि एल्क हरणांच्या शिकारीचा हंगाम?"

"शनिवारी सुरू झाला. पण मला काय त्याचं? यंदा परवान्यांच्या सोडतीत माझं नावच निघालं नाही. परवाना नाही, तर घरी बसून टीव्ही बघितला." डगने ठाण्यातला फ्रीज उघडून एक पुडी काढली. "घे, एल्कचं सॉसेज. सकाळपासून उपाशी दिसतेस."

पांढऱ्या कागदावर गावच्या खाटकाचा शिक्का आणि नोंदीचा आकडा होता, २१४. लोरेनाने पुडी पिशवीत टाकली.

कोठडीत वेस भिंतीला टेकून बसला होता. त्याचे डोळे सुजले होते.

"मी जनीनला म्हणायचो, तूच अर्ज कर. ती म्हणायची, माझी सही दिसली तर त्याच दिवशी संपवेल मला. म्हणून बाईंनी केला. त्यांच्यात हिंमत तरी होती."

"रायफल तुझ्याकडे होती?"

"क्लिंट बापाची रायफल दुसऱ्याच्या हातात देईल? बायकोला देईल एक वेळ."

"शिकारीला तू जायचास त्याच्याबरोबर?"

"एकदाही नाही. आणि आमच्याकडची रीत तुम्हाला ठाऊकच आहे. मारलेलं जनावर डोंगरावरून उतरवायला जो खांदा देतो, त्याला निम्मं मांस. माझ्या घरी बघा, त्याच्या शिकारीचा तुकडा सापडायचा नाही."

लोरेना तिथून थेट खाटकाकडे गेली. त्याने वही उघडून दाखवली. तिने ती ओळ दोनदा वाचली आणि तिचा फोटो घेतला.

दुपारी तिने शेरिफच्याच टेबलावर पुडी आपटली. डग दाराशी उभा होता.

"दोनशे चौदा," ती म्हणाली. "क्लिंट वॉर्डलो. नर एल्क, रायफलने मारलेला. तारीख पंचवीस ऑक्टोबर. सगळ्या बंदुका उचलल्यानंतर दोन दिवसांनी!"

"मग वेसने शुक्रवारी दिली असेल," डग म्हणाला.

"असेल? मग खाटकाच्या वहीत 'निम्मं केटरिंगला' असं का लिहिलंय? तुझ्याकडे परवाना नव्हता, तू शिकार केली नाहीस. निम्मं मांस मिळतं खांदा देणाऱ्याला. तू डोंगरावर त्याच्याबरोबर होतास, डग. बंदी तूच बजावलीस आणि दोन दिवसांनी त्याच्या हातात रायफल बघितलीस. ती वेसने दिलेली असती, तर तुला धक्का बसला असता, तू ती हिसकावली असतीस. तू निम्मं मांस घेऊन घरी आलास. कारण ती त्या घरातच होती आणि तूच ती मागे ठेवली होतीस!"

शेरिफने मान वर केली नाही. डग खुर्चीत बसला.

"हंगाम दोन दिवसांवर होता, लोरेना. बापाची रायफल. रडला तो माझ्यापुढे. हंगामाच्या तोंडावर कुणी कुणाची रायफल नेतं का? नऊ दिवसांचा तर प्रश्न होता. मग आणून देतो म्हणाला."

"हंगाम दोन नोव्हेंबरला संपला. जनीन अकराला मेली. मधे काय केलंस?"

"विसरलो," डग म्हणाला.

"विसरलास! आणि तिच्या भावाला आत टाकताना सगळं आठवलं?" लोरेनाचा आवाज चिरकला. "अर्ज कुणी करायचा यावर ह्या राज्यात गळे फाटेपर्यंत भांडलो आम्ही. बाईंना हक्क मिळाला, त्यांनी तो वापरला, जजनेही ऐकलं. पण बंदूक उचलायला शेवटी गेलास तू. बिल्ला काढ. इथे ठेव."

वेसला संध्याकाळच्या आत सोडलं. तो ग्वेनबाईंच्या दारात आला तेव्हा टेस दप्तर भरून तयारच बसली होती. मामाला बिलगून झाल्यावर तिने लोरेनाला विचारलं, "ठाण्यातले म्हणत होते, अर्जातला आकडा चुकला. आईने बाईंना चुकीचा सांगितला का? बाबा नेहमी म्हणायचा, तिला धड मोजतासुद्धा येत नाही."

लोरेनाने पिशवीतून अर्जाची प्रत काढली आणि त्या ओळीवर बोट ठेवलं.

"अकरा," ती म्हणाली. "तुझ्या आईने बरोबर मोजलं होतं."