अजून थोडं धर

आमचे मोठे डॉक्टर एमआरआयच्या मशीनमध्ये श्वास कोंडून वारले.

आता हे वाक्य विसरा. असं काही घडलंच नाही. सेंटरच्या म्हणण्याप्रमाणे डॉक्टर दीर्घ रजेवर आहेत.

पण मी तिथला टेक्निशियन. त्या दुपारी काचेच्या अलीकडे मीच बसलो होतो. त्यामुळे शब्दन् शब्द खरा.

पोटाच्या एमआरआयची एकच कटकट असते. पेशंटने श्वास घेतला की लिव्हर हलतं, आणि चित्रात एका लिव्हरमागे त्याच्या पुसट सावल्या उमटतात. म्हणून श्वास रोखायला लावतात.

माझी आत्या इथलीच सीनियर टेक्निशियन. मला तिनेच चिकटवलं. मशीनमधल्या सूचनाही तिच्याच आवाजात होत्या. "श्वास घ्या... सोडा... आता धरून ठेवा."

डॉक्टरांना कॉन्फरन्ससाठी आरशासारखं स्वच्छ चित्र हवं होतं. त्यांनी आत्यालाच आत झोपवलं. तिला दमा आहे, हे त्यांना ठाऊक होतं.

"अजून थोडं धर. चित्र हलतंय."

आत्याने हातातला रबरी फुगा दाबला. तो दाबला की बाहेर घंटी वाजते.

"वाजू दे," डॉक्टर म्हणाले. हे मला नंतर नर्सने सांगितलं.

आत्या गेली.

चित्र मात्र अप्रतिम आलं. त्याला बक्षीस मिळालं. फ्रेम करून वेटिंग रूममध्ये लावलं. बाबा म्हणाले, "बहिणीचा चांगला फोटो नाही माझ्याकडे, हाच मागून आण." मी म्हटलं, "बाबा, चेहरा नाहीये त्यात."

डॉक्टरांनी आत्याचा आवाज पुसला. कंपनीचा गोड आवाज बसवला.

मग एके दिवशी डॉक्टरांचंच पोट दुखायला लागलं.

मी त्यांना आत सरकवलं, हातात फुगा दिला, दार लावलं. पोटाला बांधायचा पट्टा खुंटीवरच होता. श्वासाची रेघ स्क्रीनवर दाखवणारा तो पट्टा आज लागणार नव्हता.

तरी स्क्रीनवर रेघ उमटली...

वर. खाली. धाप लागल्यासारखी.

मी काचेतून बघितलं. खुंटीवरचा पट्टा फुगत होता... बसत होता.

"सर, तुम्ही ठीक आहात ना?"

"गाढवा, मेलोय का मी?"

"अजून नाही, सर."

स्कॅन सुरू झाला. स्पीकर खरखरला...

"श्वास घ्या... सोडा... आता धरून ठेवा."

आत्या.

मागे तिचा तो बारीक खोकलाही होता.

मी थांबवायचं बटण दाबलं. मशीन चालूच. दाराकडे धावलो. दार हलेना.

"अजून थोडं धर," आत्या म्हणाली. "चित्र हलतंय."

घंटी वाजली. पुन्हा वाजली. मग वाजतच राहिली.

"वाजू दे," स्पीकरमधून आत्या म्हणाली.

मग घंटी थांबली.

दार आपोआप उघडलं.

खुंटीवरचा पट्टा शांत लोंबत होता. स्क्रीनवर चित्र आलं होतं. एकही सावली नाही. इतकं स्वच्छ पोट मी आजवर बघितलेलं नाही. मॅनेजर तर म्हणाले, "क्वालिटी बघा." तेही आता वेटिंग रूममध्ये आहे, आत्याच्या शेजारी.

आवाज तीनदा बदलून झाला. अजून तीच बोलते. पेशंटना मात्र ती वेळेवर "सोडा" म्हणते. मला रोज घाम फुटतो तो भाग वेगळा.

म्हणून व्यवस्थापनास नम्र विनंती, की माझ्या आत्यास सदर मशीनच्या सेवेतून रीतसर कार्यमुक्त करण्यात यावे, आणि तोवर तिची दम्याची रजा मागील तारखेपासून मंजूर व्हावी.