आत्याचे सांधलेले छायाचित्र

तो दार उघडून धावतच बाहेर पडला आणि त्याच क्षणी जिन्यावरून ती खाली आली. टक्कर कशीबशी टळली. मात्र तिच्या खांद्यावरील, 'कॉम्प्युटर दुरुस्ती' असे लिहिलेल्या पिशवीतून एक पेचकस निसटला आणि खणखणत त्याच्या पायांशी येऊन थांबला. तो उचलत त्याने विचारले,

"तुम्ही... कॉम्प्युटर दुरुस्त करता?"

"करते की. वरच्या दवाखान्यातला आत्ताच केला. का, तुमचाही आजारी आहे?"

जीर्ण छायाचित्रांना पूर्वरूप देणे हा त्याचा व्यवसाय. आज पडद्यावर त्याच्या आत्याच्या विवाहाचे छायाचित्र होते. मूळ प्रतीचे दोन तुकडे झालेले. एकात वधू, दुसऱ्यात वर. सकाळपासून एकाग्रतेने त्याने ती फट बुजवत आणली होती, आणि ते सारे जतन करू जाता संगणकाने निक्षून सांगितले, डिस्कवर जागा नाही! सायंकाळी आत्याचे यजमान रुग्णालयातून घरी परतणार होते. त्यांच्या पलंगासमोर हे छायाचित्र लागावे, एवढीच आत्याची इच्छा होती.

"बंद करून परत चालू करू का?" आत येताच तिने विचारले.

"हात लावाल तर खबरदार! म्हणजे... नका लावू. माझ्या आत्याच्या फोटोचं सकाळपासूनचं सगळं काम जाईल."

ती खुर्चीत बसली, पण तिने कळफलकाला लगेच स्पर्श केला नाही. आधी टेबलावरचे दोन तुकडे आणि मग पडद्यावरचे छायाचित्र डोळे भरून पाहिले. "दोघांच्या मधोमध फाटलं होतं ना? आता फट शोधूनही सापडत नाही." त्याच्या कामाकडे इतक्या आदराने आजवर कोणी पाहिले नव्हते.

"फोटो सुधारताना हा प्रोग्राम मोठाल्या तात्पुरत्या फाइल्स बनवतो," ती म्हणाली. "नीट बंद केला तर जाताना आवरून जातो. मध्येच कोलमडला, की पसारा तिथंच. हे बघा... केवढ्या अगडबंब!"

"मग टाका ना सगळ्या पुसून."

"सगळ्या कशा? यातली एक आजची आहे. तिच्यात तुमची आत्या बसलीय."

धान्यातील खडे निवडावेत तशी ती एकेका फाइलीची तारीख मंद स्वरात वाचत होती, खात्री पटली की मगच ती काढत होती. त्या संथ, निश्चयी बोटांकडे तो भान हरपून पाहत राहिला.

"आता करा जतन. तुम्हीच."

त्याने श्वास रोखून कळ दाबली. तिनेही रोखला होता, हे तिचा सुस्कारा ऐकून त्याला कळले.

"झालं!"

छपाई संपते न संपते तोच आत्या आली. प्रत हाती घेऊन तिने सांधलेल्या जागेवरून हलकेच बोट फिरवले. "भांडणात मीच फाडला होता रे. दोन्ही तुकडे जपून ठेवले ते मात्र यांनी." डोळे पुसून तिने दोघांकडे आळीपाळीने पाहिले. "आणि ही कोण?"

"यांनीच फोटो वाचवला, आत्या."

"अस्सं! मग तू काय ठोंब्यासारखा उभा आहेस? पाणी तरी विचार तिला." आणि गालातल्या गालात हसत आत्या छायाचित्र उराशी धरून निघून गेली.

पाणी पिऊन तिने एक शेवटचे काम केले. "तात्पुरत्या फाइल्स आता दुसऱ्या डिस्कवर जातील. तिथं भरपूर जागा आहे. अधूनमधून प्रोग्राम बंद करून जुन्या तेवढ्या काढून टाकत जा. मग मला बोलवायची वेळच येणार नाही."

"इतकं चोख काम... करायलाच हवं होतं का?"

"अर्धवट सोडणं मला जमत नाही."

"मग एक विचारू? कॉम्प्युटर अगदी ठणठणीत असताना — तरीही — याल का?"

ती पिशवी खांद्याला लावून उंबऱ्यापाशी गेली, तेव्हा कुठे त्याच्या ध्यानी आले की मघाशी उचललेला पेचकस अजून आपल्याच खिशात आहे. त्याने तो ओशाळून पुढे केला.

तिने हात पुढे केला... आणि हलकेच त्याची मूठ मिटवली.

"राहू दे. उद्या न्यायला येईन."