भुकेची नस

दिवा राहू द्या रे. ही गोष्ट मला अंधारात सांगवत नाही.

अप्पाजी माझा मित्र, राजवाड्यामागच्या गल्लीतला. मेडिकल कॉलेजात शवविच्छेदनाच्या हॉलचा सहायक होता. तारीखही सांगतो, नऊ डिसेंबर १९९४, शुक्रवार. सकाळी मद्रासहून परीक्षक यायचे होते. अवयव ठेवलेल्या बरण्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या राहिल्या होत्या, म्हणून रात्री साडेनऊला तो जेवणाचा डबा घेऊन गेला.

शेवटची बरणी त्याच्याच हातची. त्या वर्षी आलेल्या एका बेवारस देहातून त्याने अख्खं जठर आणि त्यावर उतरणारी व्हेगस नस सोडवली होती. ही नस मेंदूतून निघते आणि गळ्यातून, छातीतून, अन्ननळीला बिलगून पोटात येते. पाचक रस सोडणं, अन्न घुसळणं, पोट भरल्याची खबर वर नेणं, सगळं तिच्याकडे. अप्पाजीने ती गळ्यापाशी कापली होती. त्या कामाचा त्याला फार अभिमान. मला दोनदा नेऊन दाखवलंन.

घरी मात्र रोज एक पान जास्तीचं मांडलेलं असे, धाकट्या भावाचं. तीन वर्षांपूर्वी सुरेंद्र नोकरी सोडून एसटीडी बूथ काढतो म्हणाला. जेवताना अप्पाजी बोलून गेला, "आधी कमव, मग जेव." सुरेंद्र कालवलेला भात तसाच टाकून उठला. परत आला नाही.

त्या रात्री त्या बरणीवर शेवटची चिठ्ठी चिकटली.

"अण्णा..."

अप्पाजी वळला. हॉलमध्ये कुणी नव्हतं.

"अण्णा... भूक लागली."

आवाज बरणीतून येत होता.

त्याला त्या देहाची करंगळी आठवली. डावी. वाकडी. लहानपणी झोपाळ्यावरून पडून सुरेंद्राची मोडली होती, तशीच. देह टिकवायच्या औषधाने चेहरा सुजला होता, ओळखू येत नव्हता. पण करंगळी त्याने पाहिली होती. पाहून चादरीखाली सारली होती.

त्याने डबा उघडला. दहीभात. बरणीपुढे ठेवला.

"जेव बा सुरेंद्रा. माझं चुकलं. जेव."

...

रात्रभर तो तिथेच रडत बसला.

सकाळी मला बोलावलंन. डबा भरलेला, तसाच. बरणीचं झाकण मेणाने बंद. मेण मी स्वतः नखाने तपासलं, कुठे फट नव्हती.

आत, जठराखाली, तळाशी... दही लागलेली चार शितं.

"खाल्लंन रे त्याने," अप्पाजी म्हणाला. "पण पोट भरलं हे त्याला कळणार कसं? ती नस मी कापली."